काळी केप आणि गुरुवारची पायपीट

१ मार्च

आजपासून रोजनिशी लिहिणार. कारणं दोन. एक, चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी नवा उद्योग सुरू करतो आहे आणि त्याची कुठेतरी नोंद हवी. दुसरं, ताईने मला तिच्या स्वयंपाकघरात बोलायला बंदी केली आहे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण एर्मीनिया. खालच्या मजल्यावर राहते. चाळीस वर्षं तिने विद्यार्थ्यांच्या काळ्या केप शिवल्या आणि सांधल्या, आता हौस म्हणून मला टोचते. सकाळी कॉफी पिता पिता मी तिला आमच्या गल्लीतल्या दरवाजावर कोरलेल्या दगडी माशाचा इतिहास सांगत होतो. तिने पातेलं आपटलं. "आदेरितु, रेडिओ निदान बंद तरी करता येतो! जा, ज्याला ऐकायचंय त्याला सांग."

म्हणून गेलो. वॉर्ड कचेरीतल्या तेल्माला म्हणालो, दर गुरुवारी सकाळी मी लोकांना पायी हिंडवीन. जुन्या जागा, बागा, नदीकाठ, आणि शेवटी लोझांच्या डोंगरातली पायवाट. फुकट. तेल्मा मुळात चांगली मुलगी, फुकट म्हटल्यावर आणखी चांगली झाली. अट एकच घातली: मेअखेर निदान पाच माणसं टिकली पाहिजेत, नाहीतर गुरुवारची वेळ कानात यंत्र घालून मुद्रित माहिती ऐकत फिरण्याच्या योजनेला जाईल. कानात यंत्र! कोइंब्रात! माझी चिंता वेगळीच आहे. गर्दी आवरायची कशी?

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. सदतीस वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी केली. बांधणी करणाऱ्याला पुस्तकात काय आहे हे कुणी विचारत नाही. निवृत्त झाल्यावर तर कुणी काहीच विचारेनासं झालं. हे गुरुवार गेले तर मी परत त्या खिडकीत बसणार, आणि त्या खिडकीला मी भ्यालो आहे.

७ मार्च

अकरा माणसं! अकरा!

बरोबर नऊ वाजता जुन्या कमानीखाली उभा होतो, अंगावर माझी केप. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची आहे ही. पुढे सैन्यातून बोलावणं आलं, गिनीला गेलो, आणि परत येईतो कायदा माझ्याशिवाय पुढे निघून गेला होता. पदवी राहिली ती राहिलीच. केप धुवायची नसते असा आमचा नियम आहे, त्यामुळे ती इतकी वर्षं आईच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांमध्ये ठेवली. तशा गोळ्या आता दुकानात मिळत नाहीत, पण आईने मोठा डबा भरून ठेवला होता. आज पेटी उघडली आणि डोळ्यांत पाणी आलं. आठवणीच तशा आहेत.

कमरेचा काटा ढिला करणाऱ्या त्या पायऱ्या चढून जुन्या कॅथेड्रलपर्यंत गेलो. पायरीपायरीवर थांबून बोललो. माझ्या शेजारी एक बुटक्या बाई उभ्या होत्या: आखूड पांढरे केस, मनगटावर पुरुषी घड्याळ. दोना ग्रासिंदा. (दोना म्हणजे बाई.) दक्षिणेकडच्या ओल्यांव गावच्या, रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या, दोन वर्षांपूर्वी इथे मुलीजवळ राहायला आल्या. माझं बोलणं संपलं आणि त्या खोकल्या. एकदा नाही, तीनदा. अगदी छातीतून.

आमच्या गावात फादु, म्हणजे आमचं विरहाचं गाणं, गाऊन झाल्यावर टाळ्या वाजवत नाहीत. टाळ्या लिस्बनला. इथे घसा खाकरून दाद देतात, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. पण समुद्रकाठची बाई दोन वर्षांत ही रीत उचलते आणि ती माझ्या भाषणासाठी वापरते? अंगावर मूठभर मांस चढलं.

१४ मार्च

नऊ जण. दोघांचे गुडघे दुखत होते म्हणे. या वयात चालायचंच.

जुन्या ग्रंथालयाच्या दाराशी उभं राहून मी वटवाघळांबद्दल सांगितलं. आतल्या पुस्तकांना लागणारे किडे ती खातात, म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामडं पसरून ठेवायचं, सकाळी त्यांची घाण झाडायची आणि त्यांना मनातल्या मनात नमस्कार करायचा. सगळे रंगून गेले. दोना ग्रासिंदांनी घड्याळ पाहिलं.

"एकोणचाळीस मिनिटं, डोटोर. एवढ्या वेळात फारोची गाडी ओल्यांवला जाऊन परत येते."

(या गावात चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला डोटोर म्हणतात. मी कुणाची चूक दुरुस्त करत नाही.)

"तुमच्या गाडीला इतिहास नाही, दोना ग्रासिंदा."

"वेळापत्रक आहे ना!"

एवढं बोलून त्यांनी पुन्हा दाद दिली. पाच वेळा. डोळे अगदी भरून आले होते बाईंचे. वटवाघळांवर इतकं प्रेम करणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

२१ मार्च

पाऊस. बोटॅनिकल बाग. सात जण. बांबूंवर वीस मिनिटं बोललो, जमलं नाही. बांबूंना इतिहास कमी आहे.

२८ मार्च

सहा. विद्यापीठाच्या लोखंडी दरवाजापाशी मी केप उलगडून तिच्यावरच्या फाटक्या जागा दाखवल्या. रीत अशी, की डाव्या बाजूला घरच्यांनी फाडायचं, उजव्या बाजूला मित्रांनी. माझ्या डावीकडे ताईची चीर आहे आणि उजवीकडे माझ्या खोलीतल्या सहा जणांच्या. त्यातले दोघे आता राहिले. पाठीच्या बरोबर मधोमध मात्र फक्त प्रेयसीने फाडायचं. आणि प्रेम मोडलं तर ती चीर आपल्या शाखेच्या रंगाच्या दोऱ्याने शिवून टाकायची. कायद्याचा रंग लाल.

दोना ग्रासिंदा माझ्या मागे गेल्या आणि तिकीट तपासावं तशी माझी पाठ तपासली.

"मधली जागा कोरीच आहे की, डोटोर."

"परीक्षा होत्या. राहून गेलं."

"पन्नास वर्षं परीक्षा?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्यावर कुणी हसलं तर मला राग येतो, आज आला नाही. मग बाई इतक्या खोकल्या की त्यांना दरवाजाला धरून उभं राहावं लागलं.

११ एप्रिल

केपच्या कडेला कसरीने खाल्लेलं एक भोक दिसलं! ताबडतोब पेटीत दुप्पट गोळ्या टाकल्या, आणि चार गोळ्या केपच्या आतल्या शिवणीतही अडकवल्या. बंदोबस्त पक्का हवा.

नदीपलीकडच्या सांता क्लाराच्या जुन्या मठात गेलो. मोंदेगु नदीने हा मठ शतकानुशतकं बुडवून ठेवला होता. मी नुसता "राणी इझाबेल" एवढंच म्हणालो, तिच्या दंतकथेतल्या चमत्काराने भाकरीची फुलं व्हायला अजून अर्धा तास होता, तोच दोना ग्रासिंदांनी दाद द्यायला सुरुवात केली. गोष्ट सुरू होण्याआधीच! मोठमोठ्या गायकांना हे भाग्य लाभलेलं मी पाहिलेलं नाही. चारच माणसं होती, पण दाद अकरा जणांची मिळाली.

१८ एप्रिल

"किती आले होते?" ताईने विचारलं.

"चार. निवडक."

"तू निवडलेस की उरले?"

"ताई, ती ओल्यांवची बाई दर वेळी खाकरते. दर वेळी! तुला नाही कळायचं, तू आजवर माझं एक वाक्य पूर्ण ऐकलेलं नाहीस."

"माझ्या स्वयंपाकघरात ती केप आणू नकोस, एवढं ऐक," ताई खिडकी उघडत म्हणाली. "कांद्याशिवाय माझे डोळे झोंबायला लागलेत."

मत्सर हा आमच्या घराण्याचा दुर्गुण आहे.

२५ एप्रिल

सुट्टी. फेरी नाही. खिडकीत बसलो. गुरुवार इतका लांबलचक असतो हे विसरलो होतो.

२ मे

वाईट दिवस. उन्हाचा तडाखा होता म्हणून केप घरी ठेवून शोपालच्या झाडीत गेलो. तिघं जण. नदीकाठच्या उंच झाडांखाली मी माझ्या मते चांगलंच बोललो. दोना ग्रासिंदा एकदाही खोकल्या नाहीत.

एकदाही नाही. हसल्या मात्र पुष्कळ. मला चार प्रश्न विचारले, शिदोरीतली मक्याची भाकरी आणि चीज मला दिलं, सावली कमी होती म्हणून अगदी खेटून चालल्या, आणि आज इतकी छान हवा आहे की संपूच नये असं वाटतं, असंही म्हणाल्या. पण दाद? शून्य. हवेचं कौतुक करतात, म्हणजे बोलण्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. घरी येऊन आरशासमोर तेच भाषण पुन्हा म्हणून पाहिलं. चूक सापडली नाही.

पुढल्या वेळी केप घालणार. केपमध्ये माझा आवाजच वेगळा लागतो.

९ मे

केप घातली. दाद परत आली! जीव भांड्यात पडला. मात्र माणसं दोनच: दोना ग्रासिंदा आणि पोस्टातून निवृत्त झालेला काझिमिरु, ज्याला एका कानाने ऐकू येत नाही. त्याने तोच कान माझ्याकडे ठेवला होता. योगायोग.

तेल्माचा फोन आला. "सेन्योर आदेरितु, दोन म्हणजे पाच नव्हेत हो."

"तेल्मा, लोझांच्या डोंगरात नेतो आहे तेवीसला. बघ, रांग लागेल."

फोन ठेवला. सगळ्या अकरा जणांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली. प्रत्येकी चार पानं.

२३ मे

हे सविस्तर लिहायला हवं, तरी लिहू नये असं वाटतं.

बसथांब्यावर फक्त दोना ग्रासिंदा होत्या. वीस मिनिटं वाट पाहिली. शेवटी त्या म्हणाल्या, "डोटोर, गाडी कुणासाठी थांबत नसते. चला." आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. अकरा गुरुवार त्या त्याच बाजूला असतात.

लोझांच्या किल्ल्याखालून वाट ओढ्याकाठाने वर चढते, पाटीच्या दगडांनी बांधलेल्या तालाश्नाल गावापर्यंत. झाडांवर पिवळा-लाल पट्टा दिसला की वाट बरोबर. मी त्यांना कोळसा पाडणाऱ्या लोकांबद्दल सांगत होतो. त्यांनी एका खोडाकडे बोट दाखवलं.

"ही फुली कशाची?"

"इकडून जायचं नाही अशी खूण आहे."

"मग आपण इकडून का चाललोय?"

"मी बोलत होतो."

परत फिरलो. त्या हसत होत्या आणि मधून मधून खोकत होत्या. ओढ्यापाशी धुकं उतरलं, गारठा वाढला आणि त्यांनी दंड चोळले. मी पुरुष आहे, कोइंब्राचा आहे. केप काढली, त्यांच्या खांद्यांभोवती पुरती लपेटली, गळ्याशी घट्ट केली, आणि समोर उभा राहून माझं सर्वांत चांगलं भाषण केलं: शेवटचं माणूस ज्या दिवशी गाव सोडून गेलं त्या दिवसाचं.

त्या खोकायला लागल्या. थांबेनात. दगडावर बसल्या, तोंड लाल झालं, डोळ्यांतून धारा लागल्या. अशी दाद मला जन्मात मिळाली नव्हती. मी छातीवर हात ठेवून वाकलो. दोनदा वाकलो. हे मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो आहे, म्हणजे पुन्हा कधी शहाणपणा सुचला तर वाचता येईल.

दुसऱ्यांदा वाकून वर पाहिलं तर त्यांचे ओठ निळसर पडले होते आणि त्या केपची गाठ ओढत होत्या. गाठ मीच मारली होती आणि मलाच सुटेना. शेवटी केप डोक्यावरून ओढून लांब काटेरी झुडपात फेकली. त्यांनी पिशवीतून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला. मी ओल्या मातीत गुडघ्यांवर बसून सगळ्या संतांना हाका मारत होतो.

"डांबर..." श्वास परत आल्यावर त्या म्हणाल्या. "त्या... गोळ्या. पहिल्या दिवसापासून."

मग हळूहळू गावापर्यंत गेलो. गावातल्या चेस्टनटच्या फांदीवर केप वाऱ्याला टांगली आणि शिवणीतल्या गोळ्या काढून ओढ्यापल्याड भिरकावल्या. मी पाणी आणायला निघालो तर त्या म्हणाल्या, "या सावकाश. मी केपकडे बघते."

"दोना ग्रासिंदा, तिच्याजवळ बसू नका!"

"वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसते. रेल्वेत होते मी, धूर कुठे जातो ते मला कळतं."

परतीच्या बसमध्ये न राहवून मी सगळं कबूल केलं. खाकरण्याची रीत, अकरा गुरुवार, सगळं.

"म्हणजे मी टाळ्या वाजवतेय असं वाटलं तुम्हाला?" त्या इतक्या हसल्या की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. हसणं रास्तच होतं. तरी मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"एकदा तरी विचारायचंत, बाई खोकता का म्हणून!"

"दाद देणाऱ्याला कारण कोण विचारतं?"

मग मी विचारलं, त्रास होत होता तर आधी का सांगितलं नाही? "केपमध्ये तुम्ही फार खूश दिसता," एवढंच म्हणाल्या. हे काही उत्तर झालं नाही.

२४ मे

तेल्माला फोन करून सांगितलं की गुरुवार त्या कानातल्या यंत्रांना देऊन टाक. अकरा आठवड्यांत एकाही माणसाने माझं कौतुक केलेलं नाही हे आता कळलं आहे. जी एक करत होती तिला दमा होता.

पेटीत ठेवायला केप घेतली तर पाठीच्या मधोमध चांगली वीतभर चीर! काट्यांत फेकली होती ना मी, तिथेच अडकली असणार. उद्या शिवून टाकतो.

२५ मे

ताईकडे गेलो, डोंगरातला दम्याचा सगळा प्रकार सांगितला. "लाल दोरा दे. केप काट्याला लागून फाटली आहे."

तिने केप खिडकीशी नेली, चष्मा वर केला, चीर बोटांवर ताणून पाहिली. चाळीस वर्षं तिने हेच केलं आहे.

"झुडपाकडे कात्री कुठून आली?"

"काय?"

"वरचं दोन बोटांएवढं कात्रीने कापलंय. नखं कापायची असेल, छोटी आहे. पुढचं हाताने फाडलंय, सरळ, धाग्याच्या रेषेत. काटा असा फाडत नाही. काटा ओरबाडतो." तिने केप माझ्या मांडीवर टाकली. "केपजवळ कोण बसलं होतं?"

"दोना ग्रासिंदा. पण ती का..."

"त्या बाईला दमा आहे ना?"

"हो."

"तुझ्या केपने तिला खोकला यायचा."

"हो."

"मग अकरा गुरुवार ती तुझ्याच बाजूला का चालली? रस्ता काय अरुंद होता?"

मी विचार केला. "तिला ऐकायला कमी येत असेल."

ताईने दोन्ही हात कपाळाला लावले. "देवा, याला माझ्याच आईच्या पोटी घातलंस!" मग तिने लाल दोऱ्याचं रीळ उचललं, खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात घातली. "मधली चीर लाल दोऱ्याने कधी शिवतात ते तूच गावभर सांगत फिरतोस ना? मग?"

मी बराच वेळ तिच्या स्वयंपाकघरात बसून राहिलो. एक शब्द बोललो नाही. ताई घाबरली आणि तिने मला न मागता कॉफी दिली.

३० मे

सकाळी तेल्माला फोन केला. म्हणालो, मी आज नऊ वाजता कमानीखाली जातो आहे.

"अहो, पण फेरी बंद झाली ना? एक माणूस म्हणजे गट होत नाही, सेन्योर आदेरितु."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "गट नव्हेच तो."

ग्रासिंदा नऊला तीन मिनिटं कमी असताना आली. मी काय बोलायचं ते चार पानं लिहून पाठ केलं होतं, त्यातलं पहिलं वाक्यच आठवेना. मग आम्ही नुसते चालत डोंगरकड्यावरच्या बागेत गेलो, जिथून सगळी खालची वस्ती दिसते. बाकावर बसल्यावर मी तिला एकच गोष्ट सांगितली, जी कधीच कुणाला सांगितली नव्हती: सैन्यात जायच्या सकाळी स्टेशनवर मी केप ताईच्या हातात दिली, तिने ती जिवंत माणसाला धरावं तशी दोन्ही हातांनी धरली होती, आणि गाडी सुटली तेव्हा मला वाटलं होतं, मधली जागा आता कोरीच राहणार.

ग्रासिंदाने घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं, आदेरितु."

मग ती ताठ बसली, समोर नदीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. स्वच्छ, नीट, तीनदा.

केप घरी होती, ताईच्या गॅलरीतल्या दोरीवर.